सरदाच्या बियाण्यावर वायंगण: न उगवणाऱ्या भाताला जिबरेलिक आम्ल दिल्याचा अनुभव

२० ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या ताटलीतले ओले फडके उलगडले, तेव्हा त्यातल्या १०० दाण्यांपैकी फक्त १९ दाण्यांना मोड आलेले होते. भात भिजत घालून पाच दिवस झाले होते. चांगल्या बियाण्याला एवढ्या दिवसांत मोडच नव्हे, तर हिरवे कोंबही दिसायला हवे होते. उरलेले ८१ दाणे सडलेले नव्हते, त्यांना वास येत नव्हता, नखाने दाबले तर ते टणक लागत होते. ते फक्त उगवले नव्हते. वायंगणाचा, म्हणजे हिवाळी भाताचा, तरवा (रोपांसाठीची दाट पेरणी) घालायला जेमतेम तीन आठवडे उरले होते आणि घरात ठेवलेले सगळे बियाणे याच राशीतले होते.

आमचे शेत गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, अंजुणे धरणाच्या कालव्याखाली आहे. क्षेत्र साधारण ४,००० चौरस मीटर, म्हणजे एक एकर. पावसाळ्यात सरदाचे पीक आणि कालव्याचे पाणी मिळाले की हिवाळ्यात वायंगणाचे, अशी दोन पिके सासऱ्यांनी अनेक वर्षे घेतली. त्यांचे गुडघे थकल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, शाळेची नोकरी सांभाळून हे काम मी पाहते. लागवड ज्योती या तांबड्या दाण्याच्या जातीची असते. वायंगणासाठी आम्ही एरवी दुकानातून किंवा कृषी खात्याकडून बियाणे आणत असू, परंतु त्या वर्षी सरदाचे पीक स्वच्छ आणि भेसळ नसलेले आले होते, म्हणून त्यातलेच ३० किलो भात मी बियाण्यासाठी वेगळे काढले. कापणी ९ ऑक्टोबरला झाली. पाऊस मधूनमधून येतच होता, त्यामुळे भात चार-पाच दिवस अंगणात दाळीवर वाळवताना दिवसातून दोनदा आत-बाहेर करावे लागले.

पहिली शंका अर्थातच आली ती बी मेल्याची. यंत्राने मळताना दाण्याला मार बसला असेल, ओलसर रास रात्रभर झाकून ठेवल्याने ती आतून तापली असेल, अशी एकेक कारणे मी मनात जुळवत बसले आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. बियाणे राखायचा निर्णय माझा होता. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, ताटली पाहिली, एक दाणा सोलून दाताखाली धरला आणि कोंकणीत एवढेच म्हणाले, "मेलूंक ना, न्हिदलां." मेलेले नाही, झोपले आहे. पूर्वी सरदाचे भात लगेच वायंगणाला पेरत नसत, मागच्या वायंगणाचे बी पेंढ्याच्या मुडीत बांधून चुलीच्या वर धुरात टांगून ठेवत आणि तेच नोव्हेंबरात काढत, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. यामागचे कारण मला पुढे वाचनातून कळले, परंतु त्याची खूण घरातच होती.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी अर्धी रजा टाकून आमच्या भागातल्या कृषी कार्यालयात गेले. सोबत कृषी कार्ड, जमिनीचा एक-चौदाचा उतारा आणि ती ताटलीही नेली. वायंगणाचे अनुदानित बियाणे अद्याप आलेले नव्हते आणि ते कधी येईल, हे तिथे कोणालाच निश्चित सांगता येत नव्हते. तिथल्या अधिकाऱ्यांनी मात्र ताटली लक्षपूर्वक पाहिली आणि बियाण्याचा नमुना बीज चाचणी प्रयोगशाळेत देण्याचा सल्ला दिला. त्यांचा एक शब्द मी वहीत लिहून घेतला: सुप्तावस्था.

नमुना काढण्याची रीत सांभाळणे फार महत्त्वाचे आहे, म्हणून ती सविस्तर सांगते. पोत्याच्या तोंडावरचे मूठभर भात उचलून दिले, तर अहवाल त्या मुठीपुरताच खरा ठरतो. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून भात काढून ते फरशीवर एकत्र करावे, त्याचे चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवावेत, पुन्हा मिसळावे, आणि असे करत शेवटी अर्धा किलो उरवावे. हे भात कापडी पिशवीत भरावे आणि नाव, पीक, जात व कापणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी एक आत व एक बाहेर लावावी. अर्जात कापणीच्या तारखेचा रकाना नव्हता, तरी मी ती समासात लिहिली. आज वाटते, संपूर्ण अर्जात सर्वांत उपयोगी माहिती तीच होती.

२२ ऑक्टोबरला नमुना जमा झाला. भाताच्या उगवण चाचणीला १४ दिवस लागतात. पाचव्या दिवशी पहिली मोजणी होते आणि चौदाव्या दिवशी शेवटची. मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या येत होत्या, त्यामुळे अहवाल नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याआधी मिळणार नाही, हे उघड होते. तोवर हातावर हात धरून बसणे शक्य नव्हते.

त्या आठवड्यात रात्री वाचून जे समजले, ते माझ्या शब्दांत मांडते. भाताचा दाणा पक्व होत असताना त्यात अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक साठते आणि ते गर्भाला थांबवून धरते. याच्या उलट काम जिबरेलिनचे. दाणा पाणी प्यायला की गर्भ जिबरेलिन सोडतो, ते दाण्याच्या बाहेरील अल्यूरोन नावाच्या थरापर्यंत पोहोचते, तो थर अमायलेज हे विकर तयार करतो, विकर पिठाची साखर करते आणि त्या साखरेवर कोंब वाढतो. ताज्या दाण्यात थांबवणाऱ्याचे पारडे जड असते. दाणा कोरडा राहून जुना होत जातो, तसे ते हलके होते. भाताच्या बाबतीत तूस आणि त्याखालची साल यांचाही अडथळा असतो, कारण त्यांच्यामुळे गर्भाला प्राणवायू कमी मिळतो. तांबड्या दाण्याच्या भाताबद्दल आणखी एक गोष्ट संशोधकांनी दाखवून दिली आहे: सालीला तांबडा रंग देणारे जनुकच दाण्यातील अॅब्सिसिक आम्ल वाढवून सुप्तावस्था लांबवते. आमची ज्योती तांबड्या दाण्याचीच.

आणि ही झोप निरुपयोगी मुळीच नाही. त्याच ऑक्टोबरात, पावसाने आडव्या पडलेल्या शेजारच्या एका शेतात लोंब्यांवरच दाण्यांना मोड फुटलेले मी पाहिले होते. आमचेही थोडे पीक बांधाकडच्या कोपऱ्यात दोन दिवस पाण्यात लोळले होते, पण त्यातला एक दाणाही उगवला नव्हता. ज्या गुणामुळे आमचे सरद वाचले, तोच गुण आता वायंगणाच्या आड येत होता.

मुडीचा अर्थही आता उलगडला. वायंगणाचे भात एप्रिलमध्ये निघते, त्याला मे महिन्याचे कडक ऊन मिळते, त्यामुळे जूनच्या पेरणीपर्यंत त्याची झोप आपोआप मोडते. ऑक्टोबरच्या भाताला ना तेवढा अवधी मिळतो, ना तेवढी ऊब. भातासाठी कोरडी उष्णता हा जुना आणि खात्रीचा उपाय मानला जातो. प्रयोगशाळेत दाणे ५० अंश सेल्सियसला चार-पाच दिवस ठेवतात. दुसरा उपाय सौम्य नायट्रिक आम्लात भिजवण्याचा. घरात लहान मुले असताना तीव्र आम्लाची बाटली आणायची नाही, हे मी आरंभीच ठरवले. तिसरा उपाय जिबरेलिक आम्ल, म्हणजे जिबरेलिनचाच एक प्रकार, ज्याला द्राक्षबागायतदार नुसते 'जीए' म्हणतात. गहू, सातू आणि ओट यांच्या सुप्त बियाण्याची चाचणी घेताना कागद साध्या पाण्याऐवजी जिबरेलिक आम्लाच्या ०.०५ टक्के द्रावणाने, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम या प्रमाणाने भिजवावा, असे आंतरराष्ट्रीय बीज चाचणी नियमांतच सांगितलेले आहे. झोप हलकी असेल तर ०.०२ टक्केही पुरते. गव्हासातूचे हे औषध तूस असलेल्या भातावर तितकेच चालेल याची खात्री नव्हती, म्हणून आधी ताटल्यांतच पाहायचे ठरवले.

इथे माझी चूक झाली आणि तिच्यात एक आठवडा गेला. २३ ऑक्टोबरला मी एका कृषी दुकानातून जिबरेलिक आम्लाची तयार द्रवरूप बाटली १९० रुपयांना आणली, बाटलीवर फवारणीसाठी सांगितलेल्या प्रमाणात ती पाण्यात मिसळली आणि दाणे भिजवले. ३० ऑक्टोबरला मोजले, तर साध्या पाण्यातल्या आणि औषधातल्या दाण्यांत काहीच फरक नव्हता. मग बाटलीवरील बारीक अक्षरे पुन्हा वाचली: ०.००१ टक्के. याचा अर्थ त्या बाटलीतले द्रावण पाणी न घालता जसेच्या तसे वापरले, तरी लिटरला १० मिलिग्रॅमच भरते. पिकावर फवारण्यासाठी ते योग्य असेल, पण मला हवे होते त्याच्या किमान दहापट. तुम्ही हे करणार असाल, तर दुकानात नाव विचारण्याआधी टक्केवारी वाचा. १ टक्का म्हणजे लिटरला १० ग्रॅम, एवढे लक्षात ठेवले की बाकीचा हिशेब होतो.

नाशिकजवळ द्राक्षबाग असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला त्याच रात्री फोन केला. तिथे ९० टक्के शुद्धतेची भुकटी ग्रॅममध्ये मिळते आणि घड लांबवण्यासाठी ती दरवर्षी वापरते. तिने ५ ग्रॅमची पुडी कुरियरने पाठवली. कुरियर धरून खर्च ७०० रुपये झाला. दिवाळीमुळे ती पुडी ५ नोव्हेंबरला साखळी शहरात पोहोचली. मैत्रिणीने फोनवर दोन सूचना दिल्या, त्या माझ्या फार उपयोगी पडल्या. भुकटी थेट पाण्यात टाकली तर ती नीट विरघळत नाही, म्हणून ती आधी अल्कोहोलमध्ये विरघळवायची. आणि गरम पाणी वापरायचे नाही, कारण उष्णतेने जिबरेलिक आम्ल निकामी होते.

घरातल्या काट्यावर ग्रॅमचे अंश मोजता येत नाहीत, म्हणून मी वजनाऐवजी मापाने काम केले. औषधाच्या दुकानातून ९० रुपयांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले, त्यातल्या १०० मिलिलिटरमध्ये पूर्ण पुडी विरघळवली आणि बाटलीला चिठ्ठी लावून ती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी ठेवली. ९० टक्क्यांच्या ५ ग्रॅममध्ये खरे जिबरेलिक आम्ल साडेचार ग्रॅम. म्हणून या मूळ द्रावणाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ४५ मिलिग्रॅम. एक लिटर पाण्यात २.२ मिलिलिटर घातले की १०० पीपीएम, म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम होतात. हे माप घ्यायला सुईविना इंजेक्शनची नळी पुरते. हातमोजे घालावेत आणि भुकटी उघडताना पंखा बंद ठेवावा.

पुडीची वाट पाहत असताना मी उष्णतेची तयारी करून ठेवली होती. थर्माकोलच्या खोक्यात जुना ६० वॉटचा दिवा लावून, १६० रुपयांच्या तापमापकावर नजर ठेवत अर्धा किलो भात पाच दिवस ४८ ते ५० अंशांत ठेवले; त्यासाठी झाकण किती उघडे ठेवायचे, हे ठरवण्यातच पहिला दिवस गेला. दुसरे अर्धा किलो भात दुपारच्या उन्हात काळ्या ताडपत्रीवर पातळ पसरले. एक ते तीनच्या दरम्यान त्या ताडपत्रीवरही पारा ४८ पर्यंत जाई. एक खबरदारी सांगायलाच हवी: हे दोन्ही उपाय आधीच पूर्ण वाळलेल्या भातावरच करावेत. ओलसर दाणा असा तापवला, तर झोप मोडण्याऐवजी गर्भच मरेल.

५ नोव्हेंबरच्या रात्री जेवण आटोपल्यावर मी पाच ताटल्या मांडल्या. प्रत्येकीत मोजून १०० दाणे. औषधाच्या ताटल्यांतले दाणे २४ तास द्रावणात भिजवून मग ओल्या फडक्यात ठेवले, बाकीचे तेवढाच वेळ साध्या पाण्यात. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी फडकी ओली करायची, हे काम माझ्या मुलीने आपण होऊन घेतले. १२ तारखेला मोजणी केली. साध्या पाण्यात ३४. १०० पीपीएम जिबरेलिक आम्लात ६४. ३०० पीपीएममध्ये ७३. दिव्याच्या खोक्यातल्या दाण्यांत, औषधाविना, ८९. उन्हात तापवून मग १०० पीपीएममध्ये भिजवलेल्या दाण्यांत ८१.

ही माझ्या घरातली, एकेका ताटलीची मोजणी आहे. चार ताटल्यांची सरासरी काढून प्रयोगशाळा जे सांगते, तेवढे वजन तिला देऊ नये. तरी तिने मला निर्णय घ्यायला पुरेसा आधार दिला. उष्णता सर्वांत चांगली ठरली होती, परंतु २४ किलो भात पाच दिवस ५० अंशांवर ठेवण्याची सोय माझ्याकडे नव्हती. ३०० पीपीएमच्या ताटलीतले कोंब उठून दिसतील इतके लांब, पांढरट आणि किडकिडीत होते. त्यांना मुळेही कमी होती. अशी रोपे चिखलात उभी राहणार नाहीत, असे बाबांचे स्पष्ट मत पडले आणि मलाही ते पटले. म्हणून ऊन आणि १०० पीपीएम ही जोडी मी निवडली.

दरम्यान, ११ नोव्हेंबरला अहवाल हाती आला होता. त्यावर एकच ओळ होती: उगवण २४ टक्के, बियाणे प्रमाणकानुसार अयोग्य. भातासाठी किमान प्रमाण ८० टक्के असते, त्यामुळे निष्कर्ष नियमाला धरूनच होता, पण मला ज्याचे उत्तर हवे होते, तो प्रश्न तसाच राहिला. उरलेले ७६ टक्के मेलेले होते की झोपलेले? प्रयोगशाळेच्या मोजणीत न उगवलेल्या दाण्यांची विभागणी करावीच लागते, हे मी वाचले होते, म्हणून १३ तारखेला पुन्हा गेले आणि पूर्ण तक्त्यासाठी लेखी विनंती केली. खिडकीवरच्या गृहस्थांनी आधी असा तक्ता देत नाहीत असे सांगितले. मी विनंतीची पोच मागितल्यावर त्यांनी आत विचारले, आणि दुसऱ्या दिवशी तो मिळाला. सर्वसाधारण रोपे २४, विकृत रोपे ३, ताजे न उगवलेले दाणे ६६, मृत दाणे ७. त्या कागदाकडे मी किती तरी वेळ पाहत उभी होते. 'ताजे न उगवलेले' हा रकाना म्हणजे पाणी प्यायलेले, टणक, निरोगी, पण न उगवलेले दाणे. बाबांनी दाताखाली धरून जे सांगितले होते, तेच तिथे अंकांत लिहिलेले होते. अहवाल घेताना हा तक्ता आवर्जून मागा. वेळ कमी असेल, तर टेट्राझोलियम चाचणीची सोय आहे का, तेही विचारा. तिच्यात जिवंत गर्भ तांबडा रंग घेतो आणि दोन आठवडे थांबावे लागत नाही.

मग थांबायचे कारण उरले नाही. शिवाय थांबणे परवडणारेही नव्हते. तरवा डिसेंबरवर गेला असता, तर पीक मे महिन्याच्या वळवात सापडले असते आणि त्याआधीच कालव्याचे पाणी आटोपते.

निकाल येईपर्यंत हातात वेळ राहावा म्हणून सगळे बियाणे मी १० तारखेपासूनच ताडपत्रीवर घातले होते. शाळेत असताना ते हलवायचे काम शेजारच्या काकींनी केले. एकराला एरवी आम्ही २० किलो बी धरतो. उगवण ८१ धरून या वेळी २४ किलो घेतले. शनिवारी, १६ नोव्हेंबरला सकाळी ते आधी मिठाच्या पाण्यात, १० लिटरला ३०० ग्रॅम मीठ या प्रमाणात टाकून तरंगणारे पोचट दाणे काढले आणि खाली बसलेले भात दोनदा स्वच्छ पाण्याने धुतले. प्लास्टिकच्या पिंपात विहिरीचे ३० लिटर पाणी घेऊन त्यात मूळ द्रावणाचे ६७ मिलिलिटर हळूहळू ओतत काठीने ढवळले. भात त्यात २४ तास राहिले. दर चार-पाच तासांनी ते खालीवर केले, कारण तळातल्या दाण्यांनाही हवा लागते. हे द्रावण ताजेच वापरावे, करून ठेवू नये. आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांना बजावून सांगावी: औषधात भिजवलेले भात उरले, तर ते कांडायचे नाही, त्याचे पोहे करायचे नाहीत, गुरांनाही द्यायचे नाही. दिवाळीचे पोहे आम्ही याच राशीतल्या भाताचे केले होते, त्यामुळे चूक होण्याची भीती खरी होती. मी पिंपावर खडूने मोठ्या अक्षरांत 'बियाणे' असे लिहून ठेवले.

रविवारी सकाळी भात निथळून ओल्या गोणपाटात भरले, भोवती पेंढा लावला आणि वर दगड ठेवला. रात्री गारवा पडू लागला होता, म्हणून गोणपाटावर कोमट पाणी शिंपडले. औषध आता दाण्यात शोषले गेले होते, त्यामुळे त्या कोमट पाण्याची धास्ती नव्हती. सोमवारी काहीच दिसले नाही. मंगळवारी पहाटे साडेपाचला मी गोणपाटात हात घातला, तर आतले भात ऊबदार लागले आणि बोटांना टोचले. विजेरीच्या उजेडात पाहिले तेव्हा पांढऱ्या मोडांनी सगळे भात एकमेकांत गुंतलेले होते. मी बाबांना उठवले. आम्ही दोघे काही न बोलता गोणपाटापाशी बसून राहिलो.

१९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तरवा टाकला. आठव्या दिवशी नवी काळजी उभी राहिली. रोपे नेहमीपेक्षा उंच, बारीक आणि फिकट होती. काकींनी बांधावरून पाहिले आणि हा रोग तर नाही ना, असे विचारले. त्यांच्या मनात जो रोग होता, त्यात रोप असेच पिवळट आणि लांबलचक वाढते आणि पुढे मरते. जपानी भाषेत त्याला 'बाकानाए', म्हणजे खुळे रोप म्हणतात. काकींची शंका वाटते त्याहून अचूक होती, कारण जिबरेलिनचा शोध याच रोगातून लागला. १९२६ मध्ये एइइची कुरोसावा यांनी दाखवले की हा रोग करणाऱ्या बुरशीने सोडलेला द्रवच निरोगी रोपांनाही तसे लांबवतो; १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन हे नाव दिले. बुरशी जे रोपाला देते, तेच मी माझ्या बियाण्याला मोजून दिले होते. फरक ओळखायचा तो असा: रोगाची रोपे तरव्यात इकडे-तिकडे एकेकटी उंच दिसतात आणि त्यांच्या शेजारची नेहमीसारखी असतात. आमचा संपूर्ण तरवा एकसारखा उंच होता.

तरीही दहा दिवस धाकधूक होती. मी युरिया दिला नाही, तरव्यात पाणी साचू दिले नाही, फक्त ओल राखली. तिसऱ्या आठवड्यात नवी पाने हिरवी येऊ लागली आणि रोपांची उंची जणू थांबली. १४ आणि १५ डिसेंबरला, शनिवार-रविवार साधून, लावणी झाली. रोपे थोडी लांब असल्याने शेंडे वाऱ्याने वाकू नयेत, म्हणून बायकांनी ती जरा जवळजवळ आणि उथळ लावली. शेवटच्या दोन वाफ्यांना रोपे कमी पडली. तिथे काकींच्या तरव्यातली उरलेली रोपे आणली.

सगळा खर्च मांडते, कारण आरंभी मला तो कोणी सांगितला असता तर बरे झाले असते. वाया गेलेली बाटली १९०, भुकटी ७००, अल्कोहोल ९०, तापमापक १६०, प्रयोगशाळेचे शुल्क आणि तिथल्या तीन फेऱ्या मिळून ४६०; एकूण १,६०० रुपये आणि अडीच दिवसांची रजा. एप्रिल २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कापणी झाली आणि पीक आमच्या नेहमीच्या वायंगणाएवढे आले, जास्त नाही. त्यातले १५ किलो बी मी मे महिन्याच्या उन्हात चार दिवस घालून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात नोव्हेंबरसाठी ठेवले आहे. चुलीवर मुडी टांगायला आता आमच्याकडे चूल नाही.

ऑक्टोबरच्या राशीतले, औषध न लावलेले थोडे भात एका बरणीत तसेच राहिले होते. कापणीआधीच, ५ जानेवारीला, मुलीने ते आठवणीने बाहेर काढले, १०० दाणे मोजले आणि साध्या पाण्यात भिजवून त्याच ताटलीत, त्याच फडक्यात ठेवले. सातव्या दिवशी तिने एकटीने मोजणी केली आणि पाटीवर आकडा लिहून ती माझ्यासमोर धरली. ८६.